धायटीचे फूल

पळस फुलला की दवनीवाड्याच्या गुरुजींनी मुलांना रानात न्यावे. पळसासाठी नव्हे, धायटी दाखवायला. शास्त्रीय नाव वुडफोर्डिया फ्रुटिकोसा. पुरुषभर उंचीचे झुडूप फुलांनी लाल होते. ती लाल नळी पाकळ्यांची नव्हे बरं का, निदलपुंजाची! पाकळ्या ६, पण इतक्या चिमुकल्या की शोधाव्या लागतात. मेंदी, डाळिंब हिचे भाऊबंद.

अरिष्टे आंबवायला वैद्य हीच धायफुले घालतात, म्हणून ती विकली जातात. पण बोंड धरते तेही त्याच नळीत. फूल ओरबाडले की बी गेले. वेचणाऱ्यांनी दर झुडपावर चार फांद्या तरी फुललेल्या सोडाव्यात. शिंजीर पाखरू मधासाठी तिथेच येते, आणि परागही तेच पुढच्या झुडपाला नेते.