सहज मताचें मोल

चित्रपटगृहांतून बाहेर पडणारा जनसमूह क्षणभर न्याहाळून पाहावा. पायऱ्या उतरतां उतरतां प्रत्येकाच्या तोंडीं कांहीं ना कांहीं निकाल असतोच. "पूर्वार्ध छान, उत्तरार्ध रटाळ," असें एकजण म्हणतो. "खलनायकच खरा नायक वाटला," असें दुसरा ठांसून सांगतो. घरीं पडद्यावरचा खेळ, ज्यास आज लहानथोर सारे व्हिडिओ गेम म्हणतात, तो खेळणारा मुलगा तर एकाच शब्दांत निवाडा देऊन मोकळा होतो: "भिकार!" वडील मंडळी हें ऐकून हंसतात आणि म्हणतात, "याला त्यांतलें काय कळतें?" प्रश्न रास्त आहे. ज्यानें कधीं कॅमेरा हातीं धरला नाहीं, ज्यास यंत्राची आज्ञावली लिहितां येत नाहीं, त्याच्या सहज मताला मोल तें किती?

या प्रश्नाचें उत्तर स्वयंपाकघरांतच सांपडतें. आमटी अळणी झाली हें सांगण्यास पाकशास्त्र शिकावें लागत नाहीं. जीभ असली म्हणजे पुरे. मात्र तींत मीठ किती आणि केव्हां घालावें, हें जिभेचें काम नव्हे, तें हाताचें. रसिकाच्या मताचा अधिकार आणि त्या अधिकाराची मर्यादा या दोन्ही गोष्टी या साध्या दृष्टांतांत आल्या. त्या ध्यानीं न घेतल्यास काय होतें, हें चित्रपट आणि खेळ यांच्या इतिहासांतच पाहावयास मिळतें.

१९८२ च्या जून महिन्यांत अमेरिकेंत स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'ई. टी.' हा चित्रपट प्रदर्शित झाला. पृथ्वीवर चुकून मागें राहिलेला एक परग्रहवासी आणि त्यास आसरा देणारा एक मुलगा यांची ही कथा. लोकांनीं ती अशी डोक्यावर घेतली कीं, उत्पन्नाचा तिनें केलेला विक्रम १९९३ सालीं स्पीलबर्ग यांच्याच 'ज्युरासिक पार्क'नें मोडीपर्यंत अबाधित राहिला. अशा लोकप्रिय कथेवर खेळ काढावा, आणि तोहि नाताळच्या बाजारांत विक्रीस यावा, असें अटारी या विख्यात कंपनीनें ठरविलें. एरवीं ज्या कामास कित्येक महिने लागत, त्यासाठीं हॉवर्ड स्कॉट वॉर्शा या कुशल रचनाकारास अवघे पांच आठवडे मिळाले. त्यानें तें आव्हान स्वीकारलें आणि खेळ मुदतींत पुरा केला.

परग्रहवासी प्राण्यानें दूरध्वनियंत्राचे तुकडे गोळा करून आपल्या घरीं निरोप धाडावयाचा, अशी त्या खेळाची योजना होती. कल्पना वाईट नव्हती. परंतु वाटेंत जागोजाग खड्डे होते. खेळणारा त्यांत पडे, मोठ्या मिनतवारीनें वर येई आणि पुन्हा पडे. आपण कां पडलों, हेंच त्यास उमगत नसे. नांवाच्या जोरावर आरंभीं विक्री झाली. पण मुलांनीं मुलांस जें सांगावयाचें तें सांगितलें. कंपनीनें चाळीस लाखांच्या आसपास प्रती काढल्या होत्या. त्यांतील मोठा भाग न खपतां पडून राहिला. १९८३ च्या सप्टेंबरांत न्यू मेक्सिको संस्थानांतील अलामोगोर्डो गांवच्या कचरा-भूमींत या खेळाच्या व इतर अनेक खेळांच्या प्रती गाडण्यांत आल्या. त्याच सुमारास अमेरिकेंतील घरगुती खेळांचा सारा धंदाच कोसळला. त्याचा दोष या एकाच खेळाच्या माथीं मारणें न्यायाचें होणार नाहीं. निकृष्ट खेळांनीं दुकानें भरून गेलीं होतीं आणि स्वस्त झालेले घरगुती संगणकहि गिऱ्हाईक ओढीत होते. तथापि व्यापाऱ्यांच्या हिशेबांत एक रकमेचा विसर पडला होता, हें खरें. ती रक्कम म्हणजे खेळणाऱ्या मुलाचें मत.

या खड्ड्यांशेजारीं दुसरा एक खड्डा ठेवून पाहावा. १९८५ सालीं जपानांतील निन्टेन्डो कंपनीनें 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा खेळ काढला. त्याचे मुख्य रचनाकार शिगेरु मियामोतो. त्याच्या पहिल्या टप्प्याच्या शेवटाकडे समोरासमोर दोन पायऱ्यांच्या चढणी येतात. त्यांच्यामध्यें सपाट जमीन आहे. उडी चुकली तरी कांहीं बिघडत नाहीं. थोडें पुढें गेलें कीं तशीच दुसरी जोडी येते. या वेळीं मात्र मध्यें अथांग खड्डा आहे. आधीं सराव, मग परीक्षा! चांगला शिक्षक याहून निराळें काय करतो? या खेळांतहि मूल पडतें, पण "माझी उडी चुकली" असें म्हणून पुन्हा उठतें. पहिल्या खेळांत मूल रुसे, दुसऱ्यांत तें शिके. पडणें दोहींकडे सारखेंच. खेळणाऱ्याचा विचार मात्र एकीकडेच पुरता झालेला होता.

रसिकाचें मत वेळीं ऐकिल्याचेंहि एक उदाहरण आहे. 'सॉनिक' नांवाच्या निळ्या, चपळ, काटेरी प्राण्याचा खेळ १९९१ पासून प्रसिद्ध आहे. त्यावरील चित्रपटाची झलक २०१९ च्या एप्रिलअखेर दाखविण्यांत आली. त्यांत त्या प्राण्यास माणसासारखे दांत दिलेले पाहून चाहत्यांनीं एकच गिल्ला केला. दिग्दर्शक जेफ फाउलर यांनीं दोनच दिवसांत रूप बदलण्याचें वचन दिलें. प्रदर्शन नोव्हेंबर २०१९ वरून फेब्रुवारी २०२० पर्यंत लांबलें आणि चित्रपट यशस्वी झाला. येथेंहि आमटीचाच न्याय लागू पडतो. बिघडलें आहे एवढेंच चाहत्यांनीं सांगितलें. डोळे केवढे असावेत, चेहरा कसा वळावा, हें मात्र चित्रकारांनीं, अधिक कष्ट घेऊन, ठरविलें.

परंतु याच जिभेला धार आली म्हणजे काय अनर्थ ओढवतो, हेंहि सांगितलें पाहिजे. १९९९ सालच्या 'स्टार वॉर्स' मालिकेंतील चित्रपटांत जार जार बिंक्स हें विनोदी पात्र अनेक चाहत्यांस मुळींच रुचलें नाहीं. न रुचणें हा त्यांचा हक्क होता. पण टीका पात्रावर थांबली नाहीं. ती साकारणाऱ्या अहमद बेस्ट या तरुण नटावर कोसळली. त्या दिवसांत जीवन संपविण्याचा विचार आपल्या मनांत आला होता, असें त्यांनीं २०१८ सालीं स्वतःच उघडपणें सांगितलें. सुदैवानें ते त्यांतून सांवरले आणि २०२३ सालीं त्याच कथाविश्वांतील 'द मँडलोरियन' या मालिकेंत एका शूर योद्ध्याच्या रूपानें परतले, तेव्हां चाहत्यांनीं त्यांचें प्रेमानें स्वागत केलें. तथापि एका सायंकाळच्या करमणुकीवर सहज फेंकलेल्या शब्दांची केवढी किंमत एका माणसानें मोजली, याचा विसर पडूं नये.

तात्पर्य, रसिकाचें मत तुच्छ नव्हे; कारण त्यानें आपला वेळ खर्चिलेला असतो, आणि खड्डा कोठें आहे हें पडणाऱ्यासच आधीं कळतें. पण तें मत "भिकार" या एका शब्दावर थांबलें, तर तें नुसतें कुरकुरणें ठरतें; आणि कृति सोडून कर्त्यावर घसरलें, तर तो अन्याय ठरतो. म्हणून घरांतील मुलानें असा निवाडा दिला असतां वडिलांनीं हंसूं नये किंवा रागावूंहि नये. "कां बरें? नेमकें कोठें अडलें?" एवढेंच विचारावें. त्या दोन प्रश्नांची उत्तरें शोधतां शोधतांच मूल पाहणाऱ्याचें पारखी होतें.

अलामोगोर्डोची ती कचरा-भूमि २०१४ च्या एप्रिलांत पुन्हा खणण्यांत आली. धुळीच्या वाऱ्यांत चाहते वाट पाहत उभे होते. स्वतः वॉर्शाहि तेथें हजर होते. सुमारे १३०० प्रती बाहेर निघाल्या, आणि त्यांतील 'ई. टी.' खेळाची एक प्रत पुढें वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयांत दाखल झाली. ज्या खेळाला एका पिढीनें नांवें ठेविलीं, तोच पाहावयास लोक लांबून आले होते. खड्ड्यांविषयींची तक्रार कोणीं मागें घेतली नव्हती. पण खेळाविषयींचा जिव्हाळाहि कोणाचा आटला नव्हता.