फायनल टेबलवर चिप म्हणजे पैसा नव्हे

म्हैसुरात मराठी श्रोत्यांसमोर पत्त्यांवर बोलायचं म्हटल्यावर तुम्हाला रमी आठवली असेल. आज विषय पोकरचा आहे, आणि त्यातही मोठ्या स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्याचा.

मी संख्याशास्त्र शिकवते. गोव्यात कॅसिनोमधल्या स्पर्धा खेळायला जाणारी काही मंडळी माझ्याकडे हिशेब समजून घ्यायला येतात. त्यांची तक्रार बहुतेक एकच असते. "मॅडम, दोन दिवस नीट खेळतो आणि शेवटच्या अर्ध्या तासात सगळं जातं." नशिबाचा भाग असतोच. पण पुष्कळदा असं होतं, की पहिल्या दिवशीचा हिशेब माणूस शेवटच्या दिवशीही तसाच चालवतो.

लास व्हेगासमधल्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची २०२४ची मुख्य स्पर्धा घ्या. १०,११२ प्रवेश होते. शेवटी सगळ्या चिप्स एकाच माणसाकडे आल्या. त्याला बक्षीस मिळालं १ कोटी डॉलर, म्हणजे एकूण बक्षिसाच्या सुमारे ११ टक्के. चिप्स शंभर टक्के, पैसे अकरा टक्के! नववा आला त्यालाही १० लाख डॉलर मिळाले. म्हणजे टेबलवर टिकून राहण्यालाच किंमत आहे.

मग समोरच्या चिप्सची रुपयांत किंमत किती? याचं उत्तर आपल्या चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी, रेसकोर्सवर सापडेल. घोडा पहिला येण्याची शक्यता माहीत असेल, तर दुसरा येण्याची कशी काढायची? डेव्हिड हारविल यांनी १९७३ मध्ये सोपी रीत मांडली: जिंकलेला घोडा बाजूला काढा आणि उरलेल्यांची शक्यता त्यांच्या त्यांच्या प्रमाणात पुन्हा वाटा. हीच रीत मेसन मॅल्मथ यांनी १९८७ मध्ये पोकरला लावली. खेळाडू तिला आयसीएम म्हणतात.

आता आकडे घेऊ. तिघे उरलेत. बक्षिसं ५, ३ आणि २ लाख. मोठ्याकडे ५० टक्के चिप्स, मधल्याकडे ३०, छोट्याकडे २०. पहिलं येण्याची शक्यता चिप्सच्या प्रमाणात धरायची. समजा मोठा जिंकला. मग उरलेल्या ५० मध्ये छोट्याच्या २०, म्हणून दुसरं येण्याची त्याची शक्यता पाचात दोन. असं सगळं मांडलं, की मोठ्याचा वाटा येतो सुमारे ३ लाख ८४ हजार, मधल्याचा ३ लाख २७ हजार ५०० आणि छोट्याचा सुमारे २ लाख ८९ हजार. मोठ्याकडे छोट्याच्या अडीचपट चिप्स आहेत, पण पैशांत फरक लाखाहून कमी.

आता मोठा ऑल-इन करतो. मधल्याच्या हातात गुलामांची जोडी आहे. कॉल करायचा का? ब्लाइंडची रक्कम सोपेपणासाठी सोडून देऊ. मधला जिंकला तर त्याच्या चिप्स दुप्पट होतात, पण वाटा होतो ४ लाख १० हजार. म्हणजे फायदा ८२,५००. हरला तर तिसरा, हातात २ लाख. म्हणजे तोटा १,२७,५००. हा सौदा परवडायला जिंकण्याची शक्यता किमान ६१ टक्के हवी. पहिल्या दिवशी ५० पुरले असते. मोठ्याकडे एक्का-राजा असेल, तर गुलामांची जोडी साधारण ५५ टक्के वेळा जिंकते. मोठ्याने पानं उघडून दाखवली तरी इथे फोल्डच बरोबर!

गंमत पुढे आहे. छोट्याने काहीच केलेलं नाही. मोठा जिंकला तर छोट्याचा वाटा ३ लाख ४० हजार होतो, मधला जिंकला तरी २ लाख ९५ हजार. दोन्हीकडून वाढच. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ, आणि इथे तो रुपयांत मोजता येतो.

यातून तीन सवयी लावून घ्या. मोठे असाल तर मधल्यांवर दबाव टाका, कारण कॉल करणं त्यांनाच महाग पडतं. मधले असाल, तर तुम्हाला बाहेर काढू शकेल अशा खेळाडूशी झुंज टाळा. तुमच्यापेक्षा लहानांवर चढाई करा. छोटे असाल तर थांबा, पण ब्लाइंड चिप्स खाऊन टाकतील इतकं नाही. दहा बिग ब्लाइंडच्या आत आलात की थोडं रेझ करून मग सोडून देणं परवडत नाही. एक तर ऑल-इन, नाही तर फोल्ड. आणि ऑल-इन आपण आधी केलेलं बरं. त्यात समोरचा फोल्ड करण्याचीही शक्यता असते. कॉल करणाऱ्याला ती नसते.

ही रीत सर्वज्ञ नाही. कोण कुठे बसलाय, पुढचा ब्लाइंड कुणावर येतोय, कोण घाबरलाय, हे तिला दिसत नाही. ते तुम्हाला बघायचंय.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेद त्यात ठेवलेला नाही. त्यामुळे "मी सरावासाठी ऑनलाइन खेळतो, थोडेच पैसे लावतो" हे चालणार नाही. सरावाला पैसे लागतही नाहीत. घरी वाटाण्यांचे तीन ढीग करा, बक्षिसं कागदावर लिहा आणि प्रत्येक ढिगाची किंमत काढा. आठवडाभर रोज पाच गणितं. स्पर्धेची प्रवेश फी घरखर्चातून काढावी लागत असेल, तर तो कॉल टेबलवर बसण्याआधीच चुकलेला आहे; तिथे फोल्ड करा.

आता प्रश्न घेऊ. फळ्यावरचे आकडे पुसत नाही, कुणाला उतरवून घ्यायचे असतील तर घ्या.