संशयाचे नाटक, अब्रूचा कायदा

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात ‘डिव्होर्स इटालियन स्टाइल’ हा चित्रपट पाहिल्यानंतर केलेले भाषण)



चित्रपट पाहताना आपण सगळ्याच खूप हसलो. मीही हसले. आता कशाला हसलो, ते जरा तपासून पाहू.

पिएत्रो जेर्मी यांचा हा चित्रपट १९६१ चा. सिसिलीतला बॅरन फेफे बायकोला, रोझालियाला, कंटाळलाय. त्याला नात्यातली कोवळी अँजेला हवी आहे. तेव्हा इटलीत घटस्फोटच नव्हता. तो कायदा डिसेंबर १९७० मध्ये आला. पण दंडसंहितेत ५८७ वे कलम होते. जोडीदार, मुलगी किंवा बहीण यांचे अनैतिक संबंध उघड होताच अब्रूपायी संतापून खून केला, तर शिक्षा फक्त ३ ते ७ वर्षे! जोडीदारात नवराही आला म्हणा. पण यादीत पुढे मुलगी आणि बहीण होत्या, मुलगा आणि भाऊ नव्हते.

म्हणून फेफे स्वतःच बायकोसाठी प्रियकर शोधतो. चित्रकार कार्मेलोला घरी कामाला आणतो, टेपरेकॉर्डर लपवून त्यांचे बोलणे ऐकतो. वकील कोर्टात आपली बाजू कशी मांडेल, याची भाषणेही तो मनात ऐकतो. संताप यायच्या आधीच बचाव तयार!

आपल्या समुपदेशन केंद्रात बायका म्हणतात, “ताई, जीव आहे म्हणून संशय घेतात.” हा चित्रपट दाखवतो की संशय ही भावनाच असते असे नाही, ती सोयही असते, आणि कायदा व गाव त्या सोयीला मान देतात. फेफेची बायको पळते तेव्हा गाव त्याला हिणवते. खून केल्यावर तोच मानाचा होतो.

आपल्याकडेही ‘गंभीर आणि आकस्मिक प्रक्षोभ’ हा बचाव आहे. मुंबईच्या नानावटी खटल्यात पत्नीच्या प्रियकराचा खून झाला होता. ज्यूरीने नानावटींना निर्दोष ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९६१ मध्येच हा बचाव नाकारला, कारण मधल्या काही तासांत भानावर यायला वेळ होता.

इटलीतले ५८७ वे कलम १९८१ मध्ये रद्द झाले. पण कलम गेले म्हणून हसू बदलत नाही. रोझालियाच्या ओठांवरची लव, तिचे लाडात येणे याला आपण हसलो. म्हणजे तासभर आपण तिला फेफेच्याच डोळ्यांनी पाहत होतो. चर्चेची सुरुवात इथून करू या.