दोन पाठांमधील पाच मिनिटे
(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या शिक्षक-पालक मेळाव्यातील भाषण)



मी व्यवसायाने कापड व्यापारी. शिक्षणशास्त्रातील अधिकारी व्यक्ती नव्हे. तथापि दुकानाच्या गादीवर एक गोष्ट मी निश्चित शिकलो. एक तागा गुंडाळून दुसरा उलगडेपर्यंत जो अवकाश जातो, नेमके त्यातच गिऱ्हाईक उठून जाते. वर्गाचेही तसेच आहे. एक पाठ संपून दुसरा सुरू होण्याच्या संधीत मुलांचे चित्त निसटते. या पाच मिनिटांसाठी मी उदाहरण घेणार आहे ते ख्रिस्ती बांधवांच्या रविवारच्या शाळेचे. दुसऱ्याच्या गुणांचा आनंद मानणे, यालाच तर आपण प्रमोदभावना म्हणतो.

इंग्लंडातील ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये अशी शाळा सुरू केली व ती चळवळ सर्वत्र पसरली. आठवडाभर राबणाऱ्या गरीब मुलांना मोकळा वार तो एकच होता. आज चर्चमधील अशा वर्गात प्रार्थना, गोष्ट, पाठांतर, चित्रकाम असा क्रम असतो. दर वेळी जागा बदलते, वह्या-रंग निघतात आणि गलका होतो. अशा वेळी तेथील शिक्षिका हातवाऱ्यांचे गाणे सुरू करतात. मुलांचे हात, पाय आणि कंठ एकाच कामाला लागले, की गलक्याला वाव उरत नाही.

या साधनाला शास्त्राचाही आधार आहे. किंडरगार्टनचे जनक फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८४४ मध्येच बोटांच्या खेळांसह गाण्यांचा संग्रह प्रसिद्ध केला. आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. पुढे अनुताई वाघ यांनी ते कोसबाडला वाढविले. आज बालवाडी-अंगणवाडीत अभिनयगीत सर्वपरिचित झाले आहे.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. पहिली, प्रत्येक कामाचे गाणे ठरलेले असावे: वह्या आवरण्याचे एक, गोलात बसण्याचे दुसरे. चाल कानी पडताच मुलाला काय करायचे ते उमगते, आज्ञा करावी लागत नाही. दुसरी, शांतता होण्याची वाट न पाहता शिक्षिकेने स्वतः गाऊ लागावे. ज्यांचे आवरून झाले ती मुले सामील होतात आणि रेंगाळणाऱ्याचा पाणउताराही होत नाही. तिसरी, हालचाल मोठीकडून लहानीकडे न्यावी. आधी उड्या, मग टाळ्या, मग नुसती बोटे, शेवटी हात मांडीवर आणि आवाज कुजबुजीइतका. उडीवर संपणारे गाणे मुलांना अधिकच चेतविते. चौथी, गाणे पुढील पाठाचे दार व्हावे. पुढे हत्तीची गोष्ट असेल, तर आधी हातांचे कान हलवावेत.

मात्र मर्यादाही सांगितली पाहिजे. णमोकार मंत्राला हातवारे जोडू नयेत. तो स्थिर चित्ताने म्हणावयाचा. गाण्याने मुलांना हात जोडण्यापर्यंत आणून सोडावे आणि आपण थांबावे. लाजऱ्या मुलावर सक्ती नको, त्याने नुसते पाहिले तरी चालेल. ज्याला उभे राहणे कठीण आहे, त्याच्यासाठी सर्वांनीच बसून करावयाचे गाणे निवडावे. तसेच या गाण्यांची स्नेहसंमेलनासाठी तालीम सुरू झाली, की मूल पुन्हा चुकण्याला भिऊ लागते. ती वर्गातच राहू द्यावीत.

पालकहो, या पाच मिनिटांना मी इतके महत्त्व का देतो? दहा-बारा वर्षांचे झाले, की मूल शिकवणी आणि क्रिकेट यांकडे ओढले जाते. त्या वयात पाठशाळा टिकते ती केवळ मुलाच्या स्वेच्छेवर. ज्याला दर रविवारी दोन पाठांमध्ये ओरडा मिळाला, त्याच्या मनात धर्म आणि दटावणी यांची गाठ बसते. एकदा बसलेली ती गाठ पुढे कोणत्याही व्याख्यानाने सुटत नाही. पन्नास वर्षांत समाजाने ही वास्तू उभी केली. पुढील पन्नास वर्षे ती भरलेली राहावी, असे वाटत असेल, तर शिक्षिका भगिनींना या गाण्यांसाठी मोकळीक द्या आणि वर्गातून येणाऱ्या टाळ्यांच्या आवाजाला गोंधळ म्हणू नका, एवढीच विनंती करून मी माझे दोन शब्द संपवितो.

जय जिनेंद्र.