दुरुस्तीचा पैसा आणि देखरेखीचा डोळा



सरकारी घरांच्या पायाभरणीला मंत्री येतात. त्याच घराचा सज्जा दुरुस्त करावयाचा असतो तेव्हा कनिष्ठ अभियंत्यासही सवड मिळत नाही. दुरुस्तीवर मात्र दरसाल पैसा खर्ची पडतो, आणि तो बहुतेक सारा कंत्राटदारांच्या हातून. त्या पैशाचे होते काय, एवढाच आजचा आमचा विषय आहे.

मुंबईकडे पाहू. गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या कारकिर्दीत १९२० साली 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' निघाले. कामगारांसाठी ५०,००० खोल्यांचा संकल्प होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी मिळून २०७ चाळी झाल्या. चाळीत ८० खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. मालकी सरकारची, देखभाल सार्वजनिक बांधकाम खात्याची. खाजगी चाळींची कथा निराळी. १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठली, मालकांनी डागडुजीतून अंग काढून घेतले, आणि बेडेकर समितीच्या अहवालानंतर १९६९ च्या कायद्याने सरकारने उपकर बसवून दुरुस्ती आपल्या शिरावर घेतली. अशा इमारती तेव्हा १९,६४२ भरल्या. त्यांचे काम आज म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे आहे.

दोन्हीकडे रीत एकच. अभियंता पाहणी करतो, दरसूचीवरून अंदाजपत्रक होते, निविदा निघते, काम होते, मोजमाप पुस्तिकेत नोंद होते आणि देयक मंजूर होते. या साखळीत खोट कोठे आहे? लोक म्हणतात, कंत्राटदार लुच्चा. असेलही, पण तेवढ्याने उलगडा होत नाही.

सिमेंट-काँक्रीटच्या चाळीत पाणी मुरते, आतली लोखंडी सळई गंजते. गंजलेले लोखंड फुगते आणि वरचे काँक्रीट फोडून काढते. खरी दुरुस्ती करावयाची तर पोकळ काँक्रीट सळईच्या मागपर्यंत छाटावे लागते, गंज खरवडावा लागतो, फार झिजलेल्या सळईच्या जोडीला नवी घालावी लागते आणि मग काँक्रीट भरावे लागते. गिलाव्याची पाळी सर्वांत शेवटी. आता मौज अशी की गिलावा काम संपल्यावरही चौरस मीटरने मोजता येतो. खरवडलेला गंज मोजता येत नाही, कारण तो झाकला गेलेला असतो. झाकण्यापूर्वी कोणी तेथे उभा नसेल, तर गंज काढला काय आणि न काढला काय, पुस्तिकेतला आकडा तोच. दोन पावसाळे जातात आणि तोच गिलावा पोपडा होऊन पाळण्यावर पडतो. मग त्याच छताचे पुन्हा अंदाजपत्रक! लाकडी इमारतीत वाळवीने पोखरलेल्या तुळईचे असेच होते. वरून रंग दिला की ती भक्कम दिसते.

त्यात निविदेची चढाओढ. समजा, १०० रुपयांच्या कामाला कोणी ७५ रुपयांची निविदा भरली. सरकार जादा अनामत घेऊन निश्चिंत होते. पण ते पंचवीस रुपये कोठून तरी निघावयाचेच, आणि ते झाकल्या जाणाऱ्या कामातूनच निघतात. दिसणाऱ्या कामातून काढण्याइतका कंत्राटदार भोळा नसतो. शिवाय निधी येतो वर्षाअखेरीस, म्हणजे मार्चच्या घाईत देखरेखीलाही वेळ नाही.

हा दोष केवळ आपल्या मातीतला आहे असे कोणी समजू नये. ब्रिटनच्या संरक्षण खात्याने १९९६ साली सैनिकांच्या कुटुंबांची ५७,००० हून अधिक घरे १६६ कोटी पौंडांना एका कंपनीस विकली आणि तीच भाड्याने घेतली. दुरुस्तीची जबाबदारी मात्र सरकारकडेच राहिली. ती पुढे कंत्राटांनी दिली गेली. कंत्राटातील एक भागीदार, कॅरिलियन कंपनी, जानेवारी २०१८ मध्ये बुडाली. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने उरलेली सुमारे ३६,००० घरे जवळजवळ ६०० कोटी पौंडांना परत घेतली. काम बाहेर देता आले, उत्तरदायित्व देता आले नाही.

कंत्राटे बंद करा, असे आमचे म्हणणे नाही. खात्याने स्वतःचे गवंडी-सुतार पोसण्याचे दिवस परत येतील असे आम्हांस वाटत नाही. परंतु झाकले जाणारे प्रत्येक काम झाकण्यापूर्वी मोजले जावे, त्या वेळी त्या खोलीत राहणाऱ्याला बोलावले जावे, आणि मोजमाप पुस्तिकेवर त्याचीही सही असावी. छताखाली जो निजतो त्याची सही आज कोणत्याच कागदावर लागत नाही. अनामतही दोन पावसाळे पाहिल्यावाचून परत देऊ नये. यास नवा कायदा लागत नाही. अभियंत्यांची रिकामी पदे मात्र भरावी लागतील.

घाई करण्याचे कारण आहे. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीच्या चाळकऱ्यांना ५५६ नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. आनंदच आहे; शतकभर १६० चौरस फुटांत काढलेले लोक ५०० चौरस फुटांत आले. पण या इमारती ४० मजल्यांच्या आहेत. चाळीत जिना मोडला तर शेजारच्या जिन्याने चढता येत असे. येथे उद्वाहन आणि पाण्याचा पंप बंद पडला तर पस्तिसाव्या मजल्यावरच्या म्हातारीने काय करावे? त्यांच्या देखभालीच्या कंत्राटात कोणाची सही घ्यावयाची, हे आत्ताच ठरवावे लागेल.