मध्ये रेझिस्टर हवा
(मेळाव्यातील मनोगत)



निवृत्तीनंतर काय करतोस, असं सकाळपासून सगळे विचारताहेत. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकतोय, अगदी श्रीगणेशापासून.

पहिल्या दिवशी पुण्याच्या तपकीर गल्लीतून लाल एलईडी आणि ९ व्होल्टची बॅटरी आणली. घरी येऊन थेट जोडणी केली. एलईडी लखकन पेटला आणि कायमचा गेला. दुसरा घ्यायला गेलो, तर दुकानदार म्हणाला, "काका, मध्ये रेझिस्टर नाही लावलात?"

मग दहावीतला ओहमचा नियम वहीत मांडला. लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो. ९ मधले उरले ७. प्रवाह १५ मिलिअँपिअर, म्हणजे ०.०१५ अँपिअर ठेवायचा. ७ भागिले ०.०१५, उत्तर सुमारे ४६७ ओहम. बाजारात ४७० चा मिळतो: पिवळा, जांभळा, तपकिरी पट्टा. तो मध्ये घातला, एलईडीचा लांब पाय धन बाजूला ठेवला आणि दिवा लागला!

त्या रात्री आपली प्रयोगशाळा आठवली. दहावीत मी गॅल्व्हानोमीटर असाच थेट बॅटरीला जोडला होता. काटा टोकाला आपटून वाकला. मी तो गुपचूप कपाटात ठेवला आणि ओरडा दुसऱ्यानेच खाल्ला. तो आज तिसऱ्या रांगेत बसलाय. मित्रा, तो मी होतो. फार उशीर झाला, पण माफ कर. त्या धास्तीने मी शास्त्रच सोडलं, कॉमर्सला गेलो. चूक मात्र एवढीच होती: मध्ये रोध नव्हता.

बालमित्रांनो, सुरुवात बॅटरीवरच करा. घरातल्या २३० व्होल्टच्या वाटेला जाऊ नका. ब्रेडबोर्ड घ्या, त्यावर सोल्डरिंगशिवाय जोडता येतं आणि चुकलं तर काढता येतं. साधा मल्टीमीटर घ्या. जोडण्याआधी आकडेमोड करा.

प्रयोगशाळेसाठी एक नवा गॅल्व्हानोमीटर आणि डबाभर एलईडी, रेझिस्टर आणलेत. त्यातलं काही जळेलच. जळालं तर लपवू नका. सरांना दाखवा आणि का जळालं ते विचारा. मी विचारलं नाही, म्हणून मला उत्तर मिळायला साठी उलटली.