काटेवाडीचं रिंगण आणि जगाचा बाजार

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाज्जो आणि फेरेरो या इटालियन कंपन्यांचे कारखाने आहेत. इंदापूरची द्राक्षं, डाळिंबं परदेशी जातात. याच पट्ट्यातून आषाढी वारीत तुकोबांची पालखी जाते. काटेवाडीत परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो, मेंढ्या पालखीच्या रथाला फेरी घालतात आणि पुढे बेलवाडीत गोल रिंगण रंगतं. म्हणजे जगाचा बाजार दारात आला, म्हणून परंपरा आपोआप मिटत नाही.

मग चिंता कसली, असं कुणी विचारेल. कारखान्यांमुळे गावाजवळ काम मिळालं, फळबागांमुळे पैसा आला, हे खरंच आहे. पण मेंढ्यांच्या रिंगणाला मेंढपाळ लागतात आणि मेंढपाळाला चराऊ रान. ऊस, फळबागा आणि कारखाने यांनी माळरानं व्यापली, तर रिंगण केवळ कॅमेऱ्यापुरतं उरेल. सांस्कृतिक स्वायत्तता परकी वस्तू नाकारण्यात नसते. आपल्या गायरानाचा आणि उत्सवाचा निर्णय आपण घेण्यात असते. त्यासाठी ग्रामसभेचं साधन हाताशी आहे. रोजगाराच्या प्रश्नाइतक्याच गांभीर्याने तिथे चराईचा प्रश्नही मांडला गेला पाहिजे.